घरचंच आहे, खा

६ जुलै, आषाढी एकादशी

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. रोज सकाळी ह्यांचं बीपी लिहायचं, दिवसभरात पोटात काय गेलं ते लिहायचं आणि महिन्याने दाखवायचं. नेहाच्या कॉलेजातली एक अर्धी कोरी वही सापडली. पुढून तिची गणितं आहेत, मागून मी सुरुवात केली. जागा उरली तर मनातलंही लिहीन. ह्या घरात बोललेलं ऐकतं कोण?

शुक्रवारी रिपोर्ट आले. बीपी १७०/१००, क्रिएटिनिन १.८. अंबरपेठेतले आमचे नेहमीचे डॉक्टर ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "अम्मा, किडनी पे असर आ गया. नमक कम करो. पॅकेट का, बाहर का, सब बंद. कंट्रोल नै किये तो मशीन पे जाना पडता."

मशीन म्हणजे डायलिसिस, ते मला कुणी सांगायला नको. थोरले भावजी दोन वर्षं मशीनवर होते. आठवड्यातून तीन वेळा जाऊबाई त्यांना धरून ऑटोत बसवायच्या. राहता फ्लॅट गेला आणि शेवटी भावजीही गेले. हे त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. मी काही ह्यांना त्या खुर्चीत बसू देणार नाही.

दर चातुर्मासात मी काही ना काही सोडते. एकदा वांगं सोडलं, एकदा चहातली साखर, गेल्या वर्षी टीव्हीवरच्या मालिका. तो नेम श्रावणातच मोडला. ह्या वर्षी सगळ्या घराचा मिळून एकच नेम: कार्तिकी एकादशीपर्यंत घरात पाकीट फोडायचं नाही. नूडल्स, बिस्किटं, सॉस, सूपची पाकिटं, ब्रेड, तयार मसाले, फरसाण, सगळं पिशवीत भरून भांडीवाल्या मीनाला दिलं.

मीना म्हणाली, "खराब हुआ क्या अम्मा?"

"नै, अच्छा है."

"अच्छा है तो कायकू देरे?"

मी म्हटलं, तुझी पोरं खातील, त्यांना पचतं. ती पिशवी घेऊन गेली.

नेहा चिडली. "आई, सीरियसली? मी ऑफिसमधून नऊला येते. काय खाऊ मग?" घरात काय कमी आहे म्हणून मी तिला फडताळच उघडून दाखवलं. एप्रिल-मेच्या उन्हात केलेले उडदाचे पापड दोनशे, कुरडया, सांडगे, ताकातल्या मिरच्या, कैरीच्या लोणच्याच्या तीन बरण्या, लिंबाची एक, मेतकूट, जवसाची चटणी. सगळं माझ्या हातचं. ह्यात ना केमिकल, ना फॅक्टरी.

९ जुलै

बीपी १६४/९८. सकाळी तांदळाची उकड, वरून मेतकूट. डबा: दोन भाकऱ्या, दोडका (मीठ निम्मं), कैरीचं लोणचं, ताकातली मिरची. रात्री वरणभात (मीठ निम्मं), भाजलेला पापड, लिंबाचं लोणचं.

मीठ मी खरंच निम्मं केलं आहे. हे पहिल्याच घासाला म्हणाले, "वासंती, हे दोडकं आहे का कापूस?" आता माणसाच्या तोंडाला चव नको का? ताटात आणखी एक फोड वाढली आणि म्हटलं, घरचंच आहे, खा. मग जेवले नीट.

हे हिमायतनगरला वकिलांच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी करतात. कागद वाचावा तो ह्यांनीच. पण स्वतःचा रिपोर्ट हाती आला तेव्हा घडी करून खिशात घातला आणि मला म्हणाले, "तू बघ." म्हणून मी बघते आहे.

२० जुलै

बीपी १६०/९६. उतरतंय!

आज बोनाल, देवीचा सण. गल्लीत सकाळपासून ढोल. भाजी आणायला गेले तर भेंडीला हात लावायची सोय नाही, टोमॅटोचं विचारूच नका. ह्यांचा पगार वकीलसाहेबांनी तीन वर्षांत वाढवला नाही. नेहाच्या पगारातून घरभाडं आणि आता ही औषधं. लोकांना वाटतं, पाकिटं सोडली की पैसे वाचतात. दहा रुपयांत दोघांचं पोट भरणारी एकच वस्तू आहे जगात, ती नूडल्सची पुडी. तेवढ्या पैशात गवारीच्या चार शेंगा येतात.

म्हणून मी तोड काढली. भाजी एकाच वेळेला. दुसऱ्या वेळेला फडताळ आहेच. मेतकूट-भात, कुरडई, सांडग्यांची आमटी, लोणचं. आमटीत तर वरून मीठ घालावंच लागत नाही, सांडग्यांचंच उतरतं. एवढी काटकसर करून माणूस जगवायचा म्हणजे डोकं लागतं, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मे महिन्यात मी गच्चीवर पापड राखत बसले होते तेव्हा हेच हसत होते मला. आता खातायत.

२ ऑगस्ट

बीपी १७२/१०२.

कसं वाढलं? काही कळत नाही. घरात एक पाकीट नाही, साखर मोजून, तेल मोजून, मीठ निम्मं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांवर आली आहे. कामावरून आले की हे तांब्यामागून तांब्या पाणी पितात. इतकी तहान कसली? माझी आई म्हणायची, बाहेरचं चमचमीत खाल्लं की माणसाला अशी तहान लागते. कोर्टाबाहेर मिरची भजीची गाडी आहे. इराण्याचं हॉटेल आहे. एकतीस वर्षं हे तिथून जातात येतात.

विचारलं. म्हणाले, "डब्याशिवाय काही खात नाही बा मी. उगं संशय कशाला?"

उगं म्हणे.

११ ऑगस्ट

क्रिएटिनिन २.४.

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी बीपीचे आकडे बघितले. खालचं मराठी त्यांना कुठलं वाचता येणार, तेलुगू माणूस. पण "बहुत अच्छा लिखे अम्मा" म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळून, "साब, सच बोलो. बाहर खारे क्या?"

"नै साब."

डॉक्टर हसले. सगळे पेशंट असंच म्हणतात, असं ते हसणं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहाटे पाचला उठून मी भाकऱ्या थापायच्या, आणि डॉक्टरांपुढे अब्रू कुणाची जाते? माझी.

घरी आल्यावर हे अंघोळीला गेले तेव्हा शर्टाचे, पँटचे खिसे बघितले. बसचं तिकीट, कोर्ट फीची दोन तिकिटं, आणि बडीशेपेची एक छोटी पुडी. हॉटेलात बिलाबरोबर देतात तसली. ताटासमोरच ठेवली. म्हणाले, वकीलसाहेबांकडे पक्षकाराने जेवण मागवलं होतं, सगळे जेवले, मी डबा खाल्ला, शेवटी ही पुडी तेवढी घेतली. गोष्ट तर छान रचली. वकिलाकडे इतकी वर्षं काढल्यावर एवढं जमायलाच पाहिजे.

२४ ऑगस्ट

आज मला बरं वाटलं, ते लिहून ठेवते.

सुलतान बाजारला आमच्या महिला मंडळाची बैठक होती. वरच्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंनी माझं नाव सुचवलं होतं, 'पाकिटाविना घर' ह्या विषयावर बोलायला. मी आयुष्यात कधी माइकसमोर उभी राहिले नव्हते. ही वहीच घेऊन गेले आणि आठवड्याचा मेनू वाचून दाखवला. सोमवारी काय, मंगळवारी काय, भाजी महाग झाली तर काय. तीस बायका होत्या. टाळ्या वाजल्या. एका बाईंनी सांडग्यांच्या आमटीची कृती लिहून घेतली, तिघींनी लोणच्याचं प्रमाण विचारलं. आमच्याकडे कैरीच्या निम्मं मीठ घालतात, त्याशिवाय वर्षभर टिकत नाही, तेही सांगितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "वासंतीताई नवऱ्यासाठी तप करत आहेत."

तप करते आहे हे मंडळाला दिसतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "छान झालं." पाय खुर्चीवर वर घेऊन बसले होते. मोज्यांच्या रेघा पायावर खोल उठल्या होत्या. दिवसभर बसून काम, दुसरं काय होणार.

९ सप्टेंबर

बीपी १७८/१०४.

आज मी अप्पारावच्या कर्री पॉइंटवर गेले. कोपऱ्यावरच आहे, संध्याकाळी ऑफिसवाले तिथून भाजी-आमटीच्या पिशव्या बांधून नेतात. हे त्याच रस्त्याने घरी येतात. गर्दी होती, तरी विचारलं. आडपडदा कशाला?

"अप्पाराव, हमारे साब आते क्या इधर?"

"नै अम्मा. नमस्ते करके जाते, बस."

"सच बोलो. उनकी किडनी का सवाल है."

त्याचा डाव हातातच राहिला. "अम्मा, मेरी बच्ची की कसम. साब कू एक बार चखने कू दिया, वो बी नै लिये. बोले, घर का मना है."

गिऱ्हाइकाला सांभाळून घेतोय, दुसरं काय. दुकानदार तो.

ह्यांना ते कळायला वेळ लागला नाही. साडेसातला आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "गल्लीत चोर ठरवलंस मला." मी म्हटलं, चोर नसाल तर बीपी का वाढतं ते सांगा. हात धुऊन ताटावर बसले. मुगाची खिचडी, पापड, लोणचं, ताकातली मिरची. निमूटपणे सगळं खाल्लं.

२३ सप्टेंबर

आज ताटातलं लोणचं बाजूला सारलं ह्यांनी. पापडालाही हात नाही. म्हणाले, "साधा ताकभात दे फक्त. जिभेला सगळं खारट लागतंय."

खारट! मीठ निम्मं करून तीन महिने होत आले, आणि ह्यांना खारट लागतं! मी ओळखलं. बाहेरून पोट भरून आलं की घरचं असंच नकोसं होतं. लोणच्याची ती फोड मी अशी मोजून घालते की बरणी दिवाळीपर्यंत पुरावी. ती ताटात टाकून हे उठणार?

मी ताटासमोर उभी राहिले. म्हटलं, "बाहेर खाल्लं नाहीत ना? मग हे संपवा."

माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग संपवलं. फोड चोखून कोय ताटाच्या कडेला ठेवली आणि विचारलं, "झालं?"

मला वाईट वाटलं नंतर. पण कुणीतरी कठोर व्हायलाच हवं.

५ ऑक्टोबर

क्रिएटिनिन ३.१.

घरात आता बोलणं बंद आहे. मी ताट वाढते, हे जेवतात. दोन उशा घेऊन झोपतात, आडवं पडलं की दम लागतो म्हणे.

नेहा आज घरी होती. रिपोर्ट बघून ती रडली. मग बापासमोर बसली. "बाबा, प्लीज. आई किती करते तुमच्यासाठी. तुम्ही फक्त एकदा खरं सांगा."

"मी बाहेर खात नाही नेहा."

"मग रिपोर्ट खोटं बोलतात का?"

हे खिडकीतून बाहेर बघत बसले. समोरच्या गच्चीवर बायका संपलेल्या बतुकम्माची फुलांची ताटं धूत होत्या. नेहा उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. कित्येक वर्षांत असं ठेवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तेव्हा आनंद झाला. ह्यांच्या आजारात मला आनंद झाला, हे लिहायला नको होतं, पण झाला.

२० ऑक्टोबर, दिवाळी

बीपी घेतलं नाही. सणाच्या दिवशी नको म्हणाले.

फराळ सगळा घरी केला. मैदा नाही, डालडा नाही, विकतचं काही नाही. चकली, तिखट शेव, पोह्यांचा चिवडा. गोड कमीच. ह्यांना दोन चकल्या दिल्या तर म्हणाले, "चालेल का मला?" मी म्हटलं, घरच्या आहेत. खाल्ल्या.

चेहरा सुजल्यासारखा दिसतो. नेहाने फोटो काढला तर नको म्हणाले.

२४ ऑक्टोबर

काल सकाळी उजाडताना हे उठून बसले आणि श्वासच घेता येईना. ओठ निळे. नेहाने गाडी बोलावली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. छातीत पाणी झालं होतं. सुया, नळ्या, मास्क. दोनदा मशीन लावलं. मशीन. ज्यासाठी चार महिने जीव काढला तेच.

डॉक्टर म्हणाले, आत्तापुरतं आहे, पण आता किडनी फार थोडी उरली आहे. कायमचं लावायचं की नाही ते आठवड्यात कळेल. क्रिएटिनिन ५.६.

कॉरिडॉरमध्ये बसून लिहिते आहे. मला त्यांचा राग येतोय. मास्क लावलेल्या माणसाचा राग येतोय.

२९ ऑक्टोबर

आज आहारवाल्या मॅडमकडे पाठवलं होतं. हे व्हीलचेअरवर, मी आणि नेहा. बाहेर तासभर बसावं लागलं. समोर भिंतीवर मोठा तक्ता होता, चित्रांचा. चिप्स, नूडल्स, सॉस, फरसाण, त्यावर लाल फुल्या. त्यांच्या खालच्या ओळीत लोणच्याची बरणी, पापडांची चवड, वाळवलेल्या मिरच्या. त्यावरही फुल्या. बाजारातलं म्हणत असतील, मी मनात म्हटलं, आणि दुसरीकडे बघायला लागले. हे मात्र तक्त्याकडेच बघत होते. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वकिलाचा कागद वाचतात तसं, वरपासून खालपर्यंत.

आत गेलो. मॅडम तरुण, तेलुगू मुलगी. फाइल चाळून म्हणाली, "इतना सॉल्ट किधर से जारा अंकल? घर में क्या क्या खाते?"

मी म्हटलं, सब लिखा है मॅडम, रोज का, चार महिने का. वही पिशवीतून काढली. मराठी बघून ती म्हणाली, "आंटी, थोडा पढके सुनाओ ना. एक हफ्ते का बस."

मी पान उघडलं. चष्मा लावला. तेवढ्यात ह्यांनी हात पुढे केला आणि वहीवर ठेवला. सलाइनची पट्टी लावलेला हात.

"उसकी जरूरत नै मॅडम," म्हणाले. "घर में सब बराबर था. मैं बाहर खाता था."

नेहा ओरडलीच. "बाबा!"

"रोज?" मॅडमने विचारलं.

"रोज. भजी, बिर्याणी. आदत थी."

नेहा खुर्ची मागे ढकलून बाहेर निघून गेली. मॅडमने कागदावर लिहून घेतलं. मला म्हणाली, "आंटी, आप तो बहुत किये."

शेवटी कबूल केलं. चार महिने मला संशयी ठरवलं, गल्लीत मी अप्पारावच्या तोंडी लागले, आणि शेवटी कबूल केलं. मला हलकं वाटायला हवं होतं. वही पिशवीत ठेवली. तीन वेळा चेन लावली, तीन वेळा अडकली.

३० ऑक्टोबर

नेहाने आहाराचा छापील कागद फ्रिजवर चिकटवला. मग फडताळ उघडून बरण्या खाली काढायला लागली. "आई, हे पण कागदावर आहे. लोणचं, पापड, सांडगे. खूप सॉल्ट असतं ह्यात. सगळं वरच्या सुशीलाबाईंना दे."

मग थांबली. बरणी हातात तशीच. "तू बाबांना थोडंसंच देत होतीस ना?"

"हो," मी म्हटलं. "चवीपुरतं."

तिने मान हलवली आणि दुसरी बरणी काढली.

सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिने लिहिलं आहे, बाबा बाहेर खात होते, आज कबूल केलं. पुण्याहून धाकट्या भावजींचा ह्यांना फोन आला. मी हॉस्पिटलात पलंगाशेजारीच बसले होते, सगळं ऐकू येत होतं. वहिनीने एवढं केलं आणि दादा तुला जिभेवर ताबा नाही, लाज वाटत नाही का? हे म्हणाले, "हौ, चुकलं."

१ नोव्हेंबर

आज घरी येऊन एकटीने वही पहिल्यापासून वाचली. ६ जुलैपासून. जिथे जिथे लोणचं, पापड, मिरची, सांडगे, मेतकूट आहे तिथे पेन्सिलीने खूण करत गेले. अकरा पानं झाल्यावर खुणा करायचं थांबवलं.

मीठ निम्मं. प्रत्येक पानावर लिहिलं आहे, मीठ निम्मं. आणि त्याच ओळीत पुढे.

मलाच दिसलं नाही. मंडळातल्या तीस बायकांपुढे वाचलं, तिथे कुणालाच दिसलं नाही. पाकिटावर मागे लिहिलेलं असतं आत काय आहे ते. माझ्या बरणीवर कुणी लिहायचं? मी खारट लागतंय म्हणणाऱ्या माणसासमोर उभी राहून कोय चोखायला लावली.

हॉस्पिटलात गेले. नेहा औषधं आणायला खाली गेली होती. मी विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

हे छताकडे बघत होते. "कधी?"

"मॅडमपुढे. तुम्ही बाहेर कधी खाल्लं नाहीत."

"चार महिने हेच सांगत होतो की."

"मग?"

छताकडेच बघत म्हणाले, "तू म्हणालीस खातो. डॉक्टर हसला. नेहा म्हणाली खातो. अप्पारावने पोरीची शपथ घेतली तरी तू म्हणालीस खातो. नाही म्हणून म्हणून थकलो मी वासंती. एकदा हो म्हटलं तर बघ, सगळे कसे शांत झाले."

मी म्हटलं, "माझ्यासाठी म्हणालात ना? मी वाचून दाखवू नये म्हणून?"

त्यांनी कूस बदलली. "तुला काय समजायचं ते समज. ती वही तेवढी आता घरी ठेव."

मी हात धरला तर सोडवून घेतला नाही. धरलाही नाही.

नेहाला सांगायचं आहे. उद्या सांगेन.

२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

नेम पुरा झाला. नेहाला सांगितलं नाही.

४ नोव्हेंबर

नाही सांगितलं. तिला ऑफिसातून सारखे फोन येत होते.

६ नोव्हेंबर

आज ह्यांच्या डाव्या हाताची छोटी शस्त्रक्रिया झाली. शीर जोडली, कायमच्या मशीनसाठी. मंगळवार, गुरुवार, शनिवार. संमतीच्या कागदावर नेहाने सही केली. मोठ्या डॉक्टरांना मी हळूच विचारलं की हे मिठानेच झालं का. ते म्हणाले, किडनी आधीपासून खराब होती, मशीन कधीतरी लागलंच असतं, पण काही वर्षं मिळाली असती. किती वर्षं, ते मी विचारलं नाही.

नेहा बापाशी बोलत नाही. औषधं देते, उशी सरळ करते, पैसे भरते, पण बोलत नाही. आज दुपारी हे म्हणाले, "नेहा, पाणी दे गं थोडं." तिने मापाचा पेला भरून समोर ठेवला आणि मोबाइलकडे बघत राहिली. ह्यांनी उजव्या हाताने पेला उचलला, घोटभर प्यायले आणि तिला "थँक्यू" म्हणाले. परक्या नर्सला म्हणावं तसं.

मी उठले. म्हटलं, आत्ताच सांगते. तिला पडद्याबाहेर घेऊन आले. "नेहा, तुझ्या बाबांचं..." एवढंच म्हटलं, आणि ती माझ्या गळ्यात पडली. हुंदके देऊन रडायला लागली. "आई, त्यांनी तुझ्या सगळ्या मेहनतीचं मातेरं केलं. पण तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस. तुझी काही चूक नाही. कळलं ना? तुझी काही चूक नाही."

तिचं तोंड माझ्या खांद्यात होतं. पडदा दोन हातांवर. ह्यांचा खोकला ऐकू आला, म्हणजे जागे होते.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हो गं."